ढलपीची जागा

ठोंब्याच्या पायांना चिखल्या झाल्या, तिथून हे सगळं सुरू झालं. चिखल्या माणसांना होतात हे दोघी जावांना माहीत होतं. कुत्र्यालाही होतात हे जनावरांच्या डॉक्टरकडे गेल्यावर कळलं. ठोंब्याला चिखलाचं भारी वेड. परसात कुठे पाणी सांडलं की हा तिथे खड्डा करणार, खड्ड्यात बसणार आणि डोळे मिटून समाधी लावणार. बोटांच्या बेचक्यांत लाल चट्टे उठले, ते तो दिवसभर चाटत बसायला लागला. डॉक्टरनी मलम दिलं आणि वर ऐकवलं, की एक तर कुत्रा बदला, नाही तर परस बदला.

कुत्रा बदलणं शक्यच नव्हतं. ठोंब्या जेवायला धाकटीकडे होता आणि झोपायला थोरलीकडे. त्याला घालवायचं तर दोन घरांचं एकमत व्हायला हवं होतं, आणि तसं ते आजवर फारसं कशावर झालेलं नव्हतं.

दोघी सख्ख्या जावा. घर मुळात एकच; मुलं मोठी व्हायला लागली तेव्हा मधोमध भिंत घालून त्याची दोन घरं केली. दोन दारं झाली, दोन स्वयंपाकघरं झाली, पण मागचं परस मात्र एकच राहिलं. भिंत तिथपर्यंत न्यायची गोष्ट निघाली तेव्हा थोरलीचे यजमान, थोरले मेस्त्री, म्हणाले होते, की लाकूड सुकवायला सलग जागा लागते, आणि तेवढं बोलून ते पुन्हा कामाला लागले होते. त्यांच्या घरात विषय असेच संपायचे. दोघे भाऊ सुतार. घराच्या एका अंगाला त्यांची कामाची खोली, आणि तिच्या खिडकीतून सगळं परस दिसायचं. थोरले मेस्त्री जाऊन आता बरीच वर्षं झाली होती. धाकटे मेस्त्री होते, पण हात थरथरायला लागल्यापासून त्यांनी खोलीला कुलूप घातलं होतं. कानही जरा गेले होते. निदान त्यांच्या बायकोचं मत असं होतं, की तिचा आवाज तेवढा त्यांना ऐकू येत नाही. मुलं आपापल्या वाटेनं लांब गेली होती. उरली होती ती ही तीन म्हातारी माणसं आणि ठोंब्या.

खरं गवत लावून उपयोग नव्हता, ठोंब्यानं ते एका दुपारीत उपटलं असतं. डॉक्टरनीच मग कृत्रिम गवताचं सुचवलं. पाणी खाली निघून जातं, जमीन कोरडी राहते, धुवायला सोपं. थोरलीला ते ऐकूनच कसंतरी झालं. दात खोटे झाले, केस रंगवून खोटे झाले, आता गवतही खोटंच का, असं ती म्हणाली. धाकटी म्हणाली, "दात खोटे असले तरी जेवण खरंच जातं ना पोटात?" थोरलीची कवळी नवीनच होती. ती हसली, आणि हसली म्हणजे तयार झाली असं धाकटीनं धरलं.

गवतवाला आला तो एक उंच, किंचित वाकलेला माणूस होता. त्यानं पेटीतून गवताचे तुकडे काढून ओट्यावर मांडले आणि म्हणाला की हात फिरवून बघा. थोरलीनं एक तुकडा उचलला तर त्यात हिरव्याच्या बुडाशी पिवळट, सुकलेल्या काड्या होत्या. तिला वाटलं माल जुना आहे. गवतवाल्यानं समजावलं, की त्या मुद्दाम घातलेल्या असतात, नुसतं हिरवं डोळ्यांना खोटं वाटतं. थोरलीला याची फार मौज वाटली. पुढे दोन-तीन दिवस ती येईल त्याला सांगत होती, की आमच्याकडे वाळलेलं गवत नवीन बसणार आहे.

गवतवाल्यानं घाई केली नाही. कुत्रा कुठे लोळतो, कुठे पाय वर करतो, ऊन कुठून येतं, सगळं विचारलं. कुत्र्यांच्या जागेसाठी वेगळं गवत असतं, त्याच्या पाठीला भोकं असतात, ती भोकं कामाची. पण त्याहून खालचा थर कामाचा, असं तो म्हणाला. वरची माती काढायची, खडी घालायची, तिच्यावर दगडाची बारीक कच, ते सगळं ठोकून घट्ट करायचं आणि एका बाजूला उतार द्यायचा. खालचं काम नीट नसेल तर वरच्या हिरवळीचा महिन्याभरात वास सुटतो.

ठरल्या दिवशी तो दोन माणसं घेऊन सकाळीच आला. थोरलीनं लिंबाच्या झाडाखाली खुर्ची टाकली, ठोंब्याचा पट्टा मनगटाला गुंडाळला आणि देखरेखीला बसली. फावडी चालायला लागली. वरचा थर निघाला आणि खालून माती वेगळीच यायला लागली, काळपट, हलकी, भुसभुशीत. गवतवाल्यानं मूठभर उचलून नाकाशी नेली. त्यानं विचारलं, की इथे लाकडाचं काही काम होत होतं का.

तो भुसा होता. वर्षानुवर्षं खोलीतून झाडून काढलेला, पावसानं दाबलेला, पायांखाली मुरलेला. आता उन्हात उघडा पडला आणि त्याला वास सुटला. अगदी मंद होता, पण दोघींनाही तो आला. धाकटी हातातली कामं टाकून दारात येऊन उभी राहिली. एके काळी या परसात फळ्यांच्या चवडी असायच्या, दोन फळ्यांमध्ये पातळ पट्ट्या घालून रचलेल्या, आणि पोरं त्यांच्या आडोशाला लपायची. रंध्यातून निघालेल्या लांब गुंडाळ्या पोरी कानांत अडकवून मिरवायच्या. कपडे वाळत घातले तर संध्याकाळी झटकून आणावे लागायचे, नाही तर भुशानं अंगाला खाज सुटायची. तेव्हा दोघी त्या भुशाला रोज शिव्या घालायच्या. आता फावड्याबरोबर तो गोण्यांत भरून चालला होता आणि धाकटीला वाटत होतं, की जरा थांबवावं यांना.

थांबवण्याची वेळ आलीच, पण वेगळ्या कारणानं.

माती निघाल्यावर गवतवाल्यानं दोऱ्या ताणल्या आणि उतार बघितला. धाकटीच्या मागच्या दाराशी नळ होता, आणि नळाखाली एक मोठी दगडी फरशी बसवलेली होती. ती फरशी आतल्या अंगाला कलली होती. नळाचं सगळं पाणी गवताखाली शिरणार आणि तिथेच कुजणार, असं तो म्हणाला. फरशी उचलून तिथे उलटा उतार द्यावा लागेल. माणसांनी पहारी आणल्या.

"ती फरशी काढायची नाही," धाकटी म्हणाली.

गवतवाल्याला वाटलं, बाईंना पसाऱ्याची काळजी आहे. त्यानं सांगितलं की संध्याकाळपर्यंत नवी बसवून देतो, याहून चांगली.

"नवी नको. हिला हात लावू नका. हिच्याखाली माझी ढलपी आहे."

थोरलीनं लिंबाखालून मान वर केली. "काहीतरीच काय? ढलपी इथे आहे. या झाडाखाली."

ढलपी म्हणजे या घरातली पहिली कुत्री. धाकटी लग्न होऊन आली त्याच वर्षी ती मिळाली. कामाच्या खोलीत तासलेल्या लाकडाच्या ढलप्यांचा ढीग साठला होता, तो भरायला गेली तर आत हे एवढंसं पिल्लू झोपलेलं. रंगही ढलपीसारखाच, पिवळा-तांबूस. धाकटी तेव्हा नवीन होती, घरात तिच्याशी बोलायला कोणाला सवड नव्हती. थोरलीला स्वतःची दोन पोरं होती, नवरा दिवसभर लाकडात, आणि थोरले भाऊजी तर माप घेऊनच बोलणारे. दुपारी सगळे झोपले की धाकटी परसात बसायची आणि माहेरच्या गोष्टी ढलपीला सांगायची. ढलपी ऐकायची. निदान कान तरी टवकारायची.

थोरल्या मेस्त्रींना कुत्री पसंत नव्हती. ती घरात आली की "हे घर आहे की कोंडवाडा" एवढंच ते म्हणायचे, आणि धाकटी तिला उचलून बाहेर न्यायची. ते कधी ओरडले नाहीत, पण त्यांचं ते एक वाक्य तिला चाबकासारखं लागायचं. तेरा-चौदा वर्षं हे असंच चाललं. मग ढलपी म्हातारी झाली आणि एका सकाळी नळापाशी, गार ओल्या मातीत पडली ती उठलीच नाही. थोरली तेव्हा घरी नव्हती. तिची आई आजारी होती म्हणून ती माहेरी गेली होती. धाकट्या मेस्त्रींनी नळापाशीच खड्डा केला, कारण तिथली माती मऊ होती. धाकटीनं ढलपीला आपल्या शालीत गुंडाळलं आणि स्वतःच्या हातांनी खाली ठेवलं.

आणि त्यानंतर चार-सहा दिवसांनी ती मुलीला घेऊन दवाखान्यात गेली होती ती दुपारी परत आली, तर नळाखाली ही फरशी. थोरले भाऊजी गुडघ्यांवर बसून तिच्या कडांना सिमेंट भरत होते. त्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि "इथे चिखल फार होतो" एवढंच म्हणाले. धाकटी पाठ फिरवून आत गेली. तिच्या ढलपीवर त्यांनी दगड बसवला होता, भांडी घासायला. एक शब्द विचारला नव्हता.

त्या दिवसापासून ती त्या नळावर गेली नाही. आतल्या ओट्यावर भांडी घासली, पाणी भरून घ्यायचं तर पुढच्या दाराच्या नळावरून घेतलं. थोरल्या भाऊजींना ती चहा देत राहिली, जेवण वाढत राहिली, आजारपणात औषधं देत राहिली; त्यात काही कमी केलं नाही. पण आपणहून त्यांच्याशी बोलणं तिनं सोडलं. ते मुळातच अबोल, त्यामुळे कोणाच्या लक्षातही आलं नाही. ते गेले तेव्हा सगळं घर रडत होतं आणि तिच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नाही. याची तिला स्वतःलाच लाज वाटली होती, पण डोळ्यांना जबरदस्ती करता येत नाही.

यातलं ती कोणाला बोलली नव्हती. थोरलीला बोलायचं तर तो तिचा नवरा, आणि स्वतःच्या नवऱ्याला बोलायचं तर तो त्याचा भाऊ.

आताही ती तेवढंच म्हणाली, की मी माझ्या हातांनी पुरली आहे, मला विसर कसा पडेल. थोरली म्हणाली, की मी माहेराहून आले तेव्हा ह्यांना विचारलं, कुत्री दिसत नाही, तर हे म्हणाले, लिंबाखाली आहे. हे खोटं कशाला बोलतील? दोघींचे आवाज थोडे चढले. गवतवाल्यानं आपल्या माणसांना डबे उघडायला सांगितलं आणि स्वतः खडीच्या ढिगावर जाऊन बसला. घरोघरी फिरणाऱ्या माणसाला असल्या वेळी काय करायचं ते कळत असावं.

शेवटी थोरलीनं धाकट्या मेस्त्रींना हाक मारली. ते पुढच्या खोलीत पंख्याखाली बसले होते. धाकटी म्हणाली की त्यांना काय आठवणार, पण ते आले, दारात उभे राहिले, आधी उकरलेलं परस बघितलं, मग नळाकडे बघितलं, मग लिंबाकडे.

"दोघी बरोबर आहात," ते म्हणाले. "आधी नळापाशी होती. मग दादानं हलवली."

कोणी काही बोललं नाही म्हणून त्यांना वाटलं ऐकू गेलं नाही, आणि त्यांनी तेच जरा मोठ्यानं पुन्हा सांगितलं.

मग त्यांनी सांगितलं ते असं. ढलपीला पुरल्यावर धाकटी रोज भांडी घेऊन नळावर बसायची. पाणी सोडायची आणि रडत राहायची. भांडी तशीच पडलेली, पाणी वाहतंय. थोरले मेस्त्री खोलीच्या खिडकीतून हे बघायचे. तीन-चार दिवस त्यांनी बघितलं. मग भावाला म्हणाले, जागा चुकली. पोरीला दिवसातून तीन वेळा तिथे जाऊन बसावं लागतं, कसं विसरायचं तिनं? शिवाय पाणी मुरतं, ते त्या मुक्या जिवाला तरी बरं का? धाकटी दवाखान्यात गेली ती वेळ त्यांनी धरली. एका गिऱ्हाइकाच्या कपाटासाठी चांगलं जुनं लाकूड राखून ठेवलं होतं, त्यातल्या फळ्या काढून आदल्या दिवशीच पेटी करून ठेवली होती. भावाला वाटलं होतं, अवजारांसाठी असेल.

"खिळा एक नाही मारला," धाकटे मेस्त्री म्हणाले. "चारी कोपऱ्यांना सांधे बसवले. गिऱ्हाइकाला सुद्धा आम्ही एवढं करत नव्हतो. म्हणाला, खिळा गंजतो."

दोघा भावांनी ढलपीला काढलं, शालीसकट पेटीत ठेवलं आणि परसाच्या कोपऱ्यात पुरलं. वर लिंबाचं रोप लावलं. नळापाशीचा खड्डा पुन्हा खचू नये, तिच्या डोळ्यांना सारखा दिसू नये, म्हणून तो दगडांनी भरला आणि वर फरशी बसवली. आणि थोरल्यांनी बजावलं, की तिला सांगू नकोस. उकरून काढली म्हटलं की पुन्हा पहिल्यापासून रडत बसेल. थोडे दिवस जाऊ देत, मग मीच सांगतो.

"मग सांगितलं का नाही?" धाकटीनं विचारलं. तिचा आवाज इतका बारीक होता, की नवऱ्याला कान पुढे करावा लागला.

"दादा? दादा कधी काही सांगायचा का?"

"आणि तुम्ही?"

"तू विचारलंच नाहीस कधी."

"मी त्या नळावर जात नाही, हे तुम्हाला इतक्या वर्षांत दिसलं नाही?"

धाकटे मेस्त्री गोंधळले. त्यांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "मला वाटलं, वाकवत नाही तुला," ते म्हणाले. "आतल्या ओट्यावर उभ्यानं बरं पडत असेल."

धाकटी तिथेच उंबऱ्यावर बसली. आधी तिला नवऱ्याचा राग आला, चांगला सणसणीत. पण राग धरायचा तरी कशाचा, त्यानं भावाचा शब्द पाळला होता, आयुष्यभर तेवढंच केलं होतं त्यानं. मग तिला तो दिवस पुन्हा दिसला. भाऊजी गुडघ्यांवर बसलेले, हातांना सिमेंट लागलेलं, मान वर करून तिच्याकडे बघताहेत. ते काहीतरी ऐकायला थांबले होते, असं तिला आता वाटलं. किंवा बोलायला. आणि ती पाठ फिरवून आत गेली होती.

तेवढ्यात थोरली बोलली. ती ठोंब्याकडे बघत होती, कोणाकडेच नाही. "लिंबाला पहिला बहर यायचा, तेव्हा हे म्हणायचे, पहिली लिंबं धाकटीकडे दे. दर वर्षी म्हणायचे. मला वाटायचं, तुला आंबट आवडतं म्हणून." तिनं पट्टा मनगटाला पुन्हा गुंडाळला. "मलाही नाही सांगितलं. मी एवढा संसार केला त्यांच्याशी, पण हे नाही सांगितलं."

धाकटीला आंबट कधीच आवडत नव्हतं. दर वर्षी जाऊबाई ओंजळभर लिंबं घेऊन येते, ती कशाला, हे तिला कधी कळलं नव्हतं; ती निमूट घ्यायची आणि शेजारी वाटून टाकायची. हे ती थोरलीला बोलली नाही. आणि थोरलीच्या आवाजात जे दुखरं होतं ते तिच्या लक्षात आलं. ती उठली, उकरलेल्या मातीतून चप्पल सांभाळत लिंबापाशी गेली आणि खुर्चीच्या हातावर हात ठेवून उभी राहिली. ठोंब्यानं दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं आणि जांभई दिली.

मग धाकटीच गवतवाल्याला म्हणाली, की उचला फरशी.

फरशी निघताना मधोमध दुभंगली. खाली दगड होते, वेडेवाकडे ओतलेले नव्हे, एकात एक बसवलेले, लहानमोठे निवडून, फटींत चिपा ठोकलेल्या. गवतवाल्याचा एक माणूस म्हणाला की हे काढायला जीव जाईल. धाकटी वाकून बघत होती. तिनं वरचा एक दगड हलवून पाहिला; तो हलला नाही. दगड तसेच राहू द्यावेत, वरून फक्त उतार द्यावा, असं गवतवाल्यानं ठरवलं. फरशीचे तुकडे फोडून खडीच्या थरात गेले.

पुढचं काम दोन दिवस चाललं. खडी पडली, कच पडली, धडधडणारं यंत्र फिरलं तेव्हा कपाटांतल्या कपबशा किणकिणल्या. मग गवताच्या गुंडाळ्या आल्या. त्या उलगडून उन्हात पसरल्या, कारण गुंडाळून राहिलेलं गवत लगेच सरळ पडत नाही. माणसं बूट काढून मोज्यांनी वावरत होती. दोन पट्ट्यांचा सांधा जिथे येतो तिथे धाकटे मेस्त्री खुर्ची घेऊन बसले आणि सगळं जुळवून होईपर्यंत हलले नाहीत. सांधा दिसत नाहीसा झाला तेव्हा त्यांनी हात फिरवून बघितला आणि मान डोलावली.

लिंबाभोवती गवतवाल्यानं गोल कापून मातीची जागा मोकळी ठेवली. झाडाला पाणी द्यायला हवं. पण धाकटीच्या ध्यानात लगेच आलं, की परसात उकरण्यासारखी आता एवढीच माती उरली, आणि ठोंब्या काही ती सोडणार नाही. तिनं नवऱ्याला ते सांगितलं. या वेळी त्यांना पहिल्या हाकेला ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाच्या खोलीचं कुलूप निघालं. कुलूप गंजलं होतं, त्याला तेल सोडावं लागलं. आत भिंतीवर अवजारं होती तशी होती. थोरल्यांची एका बाजूला, धाकट्यांची दुसऱ्या बाजूला. धाकट्या मेस्त्रींनी कोपऱ्यातल्या फळ्या उलटसुलट करून बघितल्या, दोन निवडल्या. स्वतःचा रंधा घेतला, तो हातात स्थिर राहिना. मग त्यांनी भावाचा घेतला. तो जड होता, आणि जड असल्यामुळेच असेल, हात त्याच्यावर टेकून राहिला. पहिल्या दोन-तीन फेऱ्या अडखळल्या. नंतर फळीवरून तो लांब, सलग सर्र आवाज निघाला आणि दोन्ही स्वयंपाकघरांतली भांड्यांची खडखड थांबली. थोरली एका दारातून आली, धाकटी दुसऱ्या दारातून. दोघी खोलीच्या उंबऱ्याशी उभ्या राहिल्या, आत गेल्या नाहीत. थोरलीनं पदरानं डोळे पुसले. धाकटीनं पुसले नाहीत, वाहू दिले. अश्रू खूप उशिरा आले होते, पण ज्यांच्यासाठी यायचे होते त्यांच्यासाठीच आले होते.

लिंबाभोवती चौकट बसली, घोट्याएवढी उंच. धाकटे मेस्त्री तीन दिवस कण्हत होते आणि बायको पाठ शेकून देत होती, पण कुलूप त्यांनी पुन्हा घातलं नाही.

ठोंब्यानं गवतावर यायला साफ नकार दिला. तो दाराशी उभा राही, एक पाय पुढे टाकी, हुंगे आणि ज्यानं आपली फसवणूक केली आहे अशा माणसाकडे बघावं तसा दोघींकडे बघे. परसाचा रस्ता सोडून तो पुढच्या दारानं बाहेर जाऊन येऊ लागला. थोरली म्हणाली की कुत्र्याला खरंखोटं कळतं. धाकटीनं त्याचं जुनं पोतं आणून गवतावर टाकलं, तर पोत्यावर तो आला आणि पोत्यावरच बसून राहिला, बेटावर बसावं तसा. मग तिनं रोज पोतं थोडं थोडं दुमडत नेलं. आधी त्याचे पाय बाहेर आले, मग शेपटी, मग एका दुपारी ऊन चांगलं तापलं असताना तो आपणहून उठला, गवतावर पाठ टेकली आणि चारी पाय वर करून लोळला. त्याच्या चिखल्या बऱ्या झाल्या होत्या. संध्याकाळी गवतावर पाण्याची नळी धरायचं काम धाकटीनं घेतलं. ते पाणी ती मागच्या दाराशीच्या नळावरून घ्यायची.

परसात आता दोन खुर्च्या कायमच्या असतात. ऊन उतरलं की दोघी येऊन बसतात, चहा कधी हिचा, कधी तिचा. धाकटी जावेला थोरल्या भाऊजींबद्दल विचारते. इतक्या वर्षांचं विचारायचं राहिलं आहे, त्यामुळे प्रश्न बरेच असतात. लग्न झालं तेव्हा ते कसे होते, त्यांना काय आवडायचं, कधी गाणं म्हणायचे का. थोरली सांगते, आणि सांगताना तिच्याही लक्षात येतं, की आपल्याला बरंच माहीत आहे आणि बरंच माहीत नाही. ते एकटे असले की रंध्याच्या तालावर काहीतरी गुणगुणायचे, कोणी आलं की थांबायचे. गरम चहा त्यांना चालायचा नाही, आणि हे आयुष्यभर कोणाला कळू न देता ते चहा निवेपर्यंत कपाशी खेळत बसायचे. धाकटी म्हणाली की मला वाटायचं, माझ्या हातचा चहा त्यांना नको असतो.

"नाही गं. आणि ते तसे रागीटही नव्हते," थोरली म्हणाली. "कोंडवाडा वगैरे म्हणायचे, ते वरवरचं."

"मग खरे रागावले की काय करायचे?"

थोरलीनं विचार केला. "गप्प बसायचे."

"आणि आनंद झाला की?"

थोरलीनं पुन्हा विचार केला. बराच वेळ केला. "गप्पच बसायचे," ती म्हणाली, आणि दोघी अशा हसायला लागल्या, की धाकटीच्या कपातला चहा गवतावर सांडला. आतून धाकट्या मेस्त्रींनी विचारलं, काय झालं म्हणून. त्यांना कोणीच काही सांगितलं नाही.